कोऱ्या कापडाचे अठ्ठेचाळीस नॅपकिन

११ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाली! ऑर्डर मिळाली! परिचारिकांच्या वसतिगृहाच्या जेवणघरासाठी सोळा टेबलक्लॉथ आणि एकशे वीस नॅपकिन. वीस तारखेपर्यंत पोचते करायचे. आमच्या शिवणकेंद्रात आजवर उशांचे अभ्रे आणि पिशव्या यापलीकडे कुणी काही मागितलं नव्हतं. हे काम मी आणलं! – केंद्रात हिशेब नि ऑर्डरी बघायला लागून पाच महिनेही झाले नाहीत. अधीक्षिकाबाईंच्या टेबलावर आत्यानं शिवलेला नमुन्याचा नॅपकिन पसरला, कोपरा उलटून दाखवला. त्या म्हणाल्या, "यातली उलट बाजू कुठली नि सुलट कुठली, ते सांगा आधी." तिथंच काम झालं.

केंद्रप्रमुख मॅडमनी पाठ थोपटली. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या – मास्तरीणबाई मार्चअखेर सोडतायत. गुडघे. जिना चढवत नाही. शिवणवर्ग पुढं कुणाकडे द्यायचा ते समितीनं मॅडमवर सोपवलंय. "तुझ्या आत्यांचं नाव घालावं म्हणते. ही ऑर्डर नीट पार पडली की झालंच समज."

आत्या – शिक्षिका! खिडकीजवळच्या मशीनवर वीस वर्षं पाठ वाकवून बसलेली माझी आत्या! मी गणितात पदवी घेतली ती त्याच मशीनच्या जोरावर. घरातली पहिली पदवी. मला ती "आमची डिग्री" म्हणते. "डिग्री उठली का? डिग्रीला चहा द्या."

घरी सांगितलं. बाबा दारात बसून किराणावाल्याचा वजनकाटा उघडत होते. काटा दुरुस्त करणारा माणूस, सहसा नजर वर करत नाही. आज केली. म्हणाले, "म्हणजे घरात एक डिग्री नि एक मास्तर. माझं काही खरं नाही." आई हसली. आत्यानं मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि केस पुन्हा विंचरले. कुठं जायचं नव्हतं – नुसतेच विंचरले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आत्या कापड कसं कापते ते आज घड्याळ लावून पाहिलं. जीव वर-खाली होतो!

आधी सगळं मांजरपाट पाण्यातून काढायचं. दिवसभर भिजत. पिळायचं नाही, तसंच निथळत टाकायचं. दमट असतानाच इस्त्री. मग कडेला कात्रीची एक बारीक चीर द्यायची, सुईच्या टोकानं एक धागा उचलायचा – एकच! – आणि तो ओढत न्यायचा. कापड चुण्या होऊन गोळा होतं, ती बोटांनी सारत जाते. धागा तुटला तर पुन्हा शोधायचा. तो निघून गेला की कापडात एक विरळ वाट दिसते. त्या वाटेवरून कात्री. अशा चारी बाजू. एका नॅपकिनला सात मिनिटं! एकशे वीसला किती होतात ते मी तोंडी केलं आणि घाबरले.

"आत्या, पट्टी आहे, खडू आहे. पट्टी लावली की रेघ सरळ येते."

"पट्टीची रेघ पट्टीला सरळ," म्हणाली. "कापडाला विचारलंस का?"

चष्मेवाली शेजारच्या मशीनवरून – "तिला कापड तरी उत्तर देतं गं. आम्हाला नवरा देत नाही." सगळ्या जणी हसल्या. मशीन थांबवून हसल्या! पुन्हा वेळ गेला.

मॅडमना द्यायच्या अहवालात मी लिहिलं : 'कापणीची सध्याची पद्धत पारंपरिक व वेळखाऊ आहे. सुधारणेस वाव आहे.' वाक्य चांगलं जमलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलक्लॉथ सोळाच्या सोळा कापून झाले. नॅपकिन बहात्तर. राहिले अठ्ठेचाळीस. आत्याचा गाल सुजलाय. दाढ. उद्या दंतवैद्याकडे जाणार – म्हणजे उद्याचा दिवस पाण्यात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झाले! अठ्ठेचाळीस! एका तासात!

आत्या नव्हती. कापडाचा शेवटचा तुकडा कपाटात तसाच होता. बाबांचा लोखंडी काटकोन घरून नेला होता. कापडाची कड काटकोनाला लावली, खडूनं रेघा मारल्या, आठ-आठ थर एकावर एक रचले, टाचण्या लावल्या आणि मोठी कात्री चालवली. प्रत्येक कोपरा तपासला. नव्वद अंश! एकसुद्धा डावा-उजवा नाही.

भिजवायला वेळ नव्हता. भिजवून वाळायचं कधी? तसंही इस्त्री छान बसते कोऱ्या कापडाला.

इतकं मोकळं वाटलं! वाटलं, शिकण्याचा उपयोग तो हाच. कुणाच्या तरी मानेवरचं ओझं कमी व्हावं. मॅडम डोकावल्या, गठ्ठा पाहिला, "अरे वा, आज वेगात!" म्हणून गेल्या. कुणी कापलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही – म्हटलं, सगळ्यांचंच काम आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आत्या आली. गालात कापूस, बोलणं बोबडं. गठ्ठा बघून डोळे मोठे केले.

"मी कापले," मी म्हटलं. "कोपरे बघ!"

एक उचलला. अंगठा आणि बोटात धरून चोळला. "कोरं लागतंय गं हाताला. पाण्यातून काढलंयस ना?"

"हो."

म्हटलं, आत्ता वाद नको. दाढ दुखतेय बिचारीची.

"बरं," म्हणाली आणि बसली शिवायला. "डिग्रीनं कापलंय म्हणजे मी मापायचं काही काम नाही."

दिवसभर तिचे हात बघत होते. कड एकदा पाव इंच दुमडायची, नख फिरवायचं, पुन्हा अर्धा इंच. कोपऱ्यावर जास्तीचं कापड तिरकं कापून आत सारायचं, म्हणजे कोपरा फुगत नाही. शेवटी आतल्या बाजूला जांभळ्या दोऱ्याची एक गाठ. केंद्रात प्रत्येकीचा रंग ठरलेला आहे, काम कुणाचं ते कळावं म्हणून. चष्मेवालीचा हिरवा. आत्याचा जांभळा.

अठ्ठेचाळीस जांभळ्या गाठी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पोचवले. सोळा टेबलांवर सोळा कापडं पसरली तेव्हा ती लांबलचक, पिवळट खोली एकदम धुतल्यासारखी दिसली. ड्यूटी संपवून आलेली एक मुलगी नॅपकिन उचलून गालाला लावून म्हणाली, "यानं तोंड पुसायचं? मी तर घरी नेईन." अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "उशांच्या अभ्र्यांचंही बघू." येताना आत्या माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. ती कधीच पुढं चालत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गठ्ठा परत आला.

वसतिगृहाच्या धुलाईतून एकदाच गेले होते. अधीक्षिकाबाईंनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली – टेबलक्लॉथ उत्तम, बहात्तर नॅपकिन उत्तम, हे अठ्ठेचाळीस बघा.

मॅडमनी मोठ्या टेबलावर एक पसरला. चौकोन नव्हता तो. एक कोपरा पुढं सरकलेला, समोरचा मागं गेलेला. पतंगासारखा. घडी घातली तर कडा जुळेनात – एका बाजूनं जीभ काढल्यासारखं कापड बाहेर. दुसरा पसरला. तसाच. तिसरा. शिलाई सरळ आणि कापड वाकडं. कडा पिळवटलेल्या.

सगळ्या जणी गोळा झाल्या. मॅडमनी एकेक कोपरा उलटून गाठ पाहिली. जांभळी. जांभळी. जांभळी.

"हे कुणी कापलं?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. शब्द कुठला येणार होता ते मला अजून माहीत नाही.

"मीच," आत्या म्हणाली. "घाई झाली. पाण्यातून काढायचं राहिलं."

"तुम्ही? वीस वर्षांनी?"

"वीस वर्षांनीच होतं असं, मॅडम. पहिल्या वर्षी माणूस घाबरून असतं."

चष्मेवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी टाचण्यांची डबी नीट करत होते. सांडलेली नसताना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी केंद्रात सगळ्यांच्या आधी गेले. गठ्ठ्यातला एक नॅपकिन घेतला. कडेची शिलाई उसवली, सुईनं एक धागा उचलला आणि ओढला. तीनदा तुटला. चौथ्यांदा शेवटपर्यंत गेला.

वाट दिसली. माझ्या कडेपासून निघाली आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बोटभर लांब गेली होती.

म्हणजे दुकानदारानं ठाणातून तुकडा कापतानाच वाकडा कापला होता. मी त्याच वाकड्या कडेवर काटकोन ठेवला. माझे कोपरे नव्वद अंशांचेच होते. कापडाचे नव्हते.

पट्टीची रेघ पट्टीला सरळ.

घरी आत्याला म्हटलं, "मी उद्या मॅडमना सांगते."

दोघी भाजी चिरत होतो. तिची सुरी थांबली नाही. "काय सांगतेस?"

"की मी कापले."

"तुझे सहा महिने कधी पुरे होतात?"

"मार्चअखेर." त्यानंतर मला कायम करायचं की नाही ते ठरणार.

"मग गप बस. मी काही नवीन मागत नव्हते. मशीन होतं, मशीन आहे."

"पण शिक्षिकेची जागा –"

"ती जायची नाही. मी दुरुस्त करून देते. बोट कापशील, तो चाकू सरळ धर."

मी गप्प बसले. इतकी पटकन गप्प बसले!

१ मार्च, शनिवार

मॅडम मला एकटीला म्हणाल्या, "एवढ्या मूळ गोष्टीत चूक करणाऱ्या बाईकडे वर्ग कसा सोपवू? दुरुस्ती कशी करतात ते बघते. मग ठरवू." वर म्हणाल्या, "तुझी आत्या आहे म्हणून तुला वाईट वाटत असेल, पण तू तटस्थ राहिलीस ते आवडलं."

तटस्थ!

माझ्या अहवालातलं वाक्य त्यांनी लाल पेनानं अधोरेखित केलंय. 'सुधारणेस वाव आहे.'

२ मार्च, रविवार

रविवार असून दोघी केंद्रात. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान बंद, त्यामुळे जिन्यात पहिल्यांदाच शांतता. अठ्ठेचाळीसच्या शिलाया उसवायला बसलो.

शिवण्यापेक्षा उसवणं अवघड. टाका तुटला पाहिजे, कापड नाही. आत्या ब्लेडचं टोक टाक्याखाली घालते, तीन टाके सोडून चौथा कापते, मग दोरा एका ओढीत बाहेर. माझ्या हातून दुसऱ्याच नॅपकिनला भोक पडलं. तिनं काढून घेतला. बाजूला ठेवला.

जांभळ्या गाठी तेवढ्या तिनं स्वतः सोडल्या. मला हात लावू दिला नाही.

तिची युक्ती अशी – धुतल्यावर खळ निघून गेली, आता कापड आपल्या मूळ स्वभावावर आलंय. आता धागा ओढून खरा चौकोन शोधायचा. नॅपकिन लहान होतील, पण सरळ होतील. लहान झालेले ट्रेमध्ये अंथरायला चालतील. शेजारच्या रुग्णालयात रुग्णांचे ट्रे असतातच. आणि नॅपकिनसाठी अठ्ठेचाळीस नव्यानं करून द्यायचे.

तासाभरानं म्हणाली, "मला कळलं होतं त्या दिवशी."

"काय?"

"कोरं आहे ते. हात खोटं सांगत नाही. तू हो म्हणालीस."

मी ब्लेड खाली ठेवलं. म्हटलं, "मी खोटं बोलले, आत्या."

"ते आहेच. पण मी माझ्या हातापेक्षा तुझा शब्द मोठा धरला ना – ती माझी चूक. म्हणून मॅडमना मीच म्हटलं. काही खोटं नाही त्यात. शिवणारणीनं कापड बघायचं असतं."

मी रडायला लागले. ती वैतागली. "कापडावर नको. पुन्हा डाग काढत बसायचं का?"

४ मार्च, मंगळवार

आज धागा पहिल्या ओढीत शेवटपर्यंत आला! कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग आठवलं की हे सगळं का चाललंय. नाही सांगितलं.

५ मार्च, बुधवार

बाबांना कुणीतरी सांगितलं. बहुतेक चष्मेवालीच्या नवऱ्यानं, जो घरी उत्तर देत नाही तो बाहेर बराच बोलतो म्हणे. जेवताना आत्याला म्हणाले, "अक्का, तुझ्या हातून असं कसं गं झालं?"

आत्या म्हणाली, "झालं."

बाबा म्हणाले, "काटा एकदा चुकला की गिऱ्हाईक दहा वेळा तपासतं." सहज म्हणाले. वाईट हेतूनं नाही. पुन्हा माझ्याकडे वळून – "तू लक्ष ठेवायला हवं होतंस. तू शिकलेली आहेस."

आत्यानं त्यांना पाणी वाढलं. मी मान हलवली. खरंच, मी मान हलवली! जणू हो, मी लक्ष ठेवायला हवं होतं.

७ मार्च, शुक्रवार

अठ्ठेचाळीस नवे तयार. ट्रेची लहान कापडं सत्तेचाळीस – एकाला भोक. आत्यानं सगळे पुन्हा एकदा धुऊन, वाळवून, घडी घालून बघितले. कडांवर कडा. जांभळी गाठ पुन्हा घातली. मी म्हटलं, आता दुसरा रंग घेऊ या का? "का? मी तीच आहे."

८ मार्च, शनिवार

अधीक्षिकाबाई खूष! ट्रेवर अंथरलेली छोटी कापडं बघून म्हणाल्या, "हे आम्ही मागितलंच नव्हतं. पण हवं होतं." अभ्र्यांचं काम पक्कं केलं.

मॅडम जिन्यात भेटल्या. "चूक कबूल करून इतकी नीट निस्तरणारी बाई विरळा. तुझ्या आत्यांचं नाव पुन्हा घालावंसं वाटायला लागलंय. सोमवारी समिती आहे."

वाटायला लागलंय! अजून पक्कं नाही. मनात कुठंतरी किंतू आहेच. आणि तो किंतू माझ्यामुळे आहे. त्यांना खरं कळलं तर तो राहील कशाला? आत्यानं कधी चुकीचं कापलंच नाही – वीस वर्षांत एकदाही नाही – हे कळलं तर?

९ मार्च, रविवार

ठरलं. उद्या समितीच्या आधी मॅडमना सांगणार. आत्याला विचारणार नाही, ती नको म्हणेल. माझं काय व्हायचं ते होवो. नोकरी गेली तर गेली. कित्येक दिवसांनी हलकं वाटतंय. आईनं विचारलं, "गुणगुणतेस काय गं?"

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

सकाळी साडेनऊला. मॅडम चष्मा पुसत होत्या. मी उभ्याउभ्याच बोलले, बसले तर बोलता येणार नाही असं वाटलं. ते अठ्ठेचाळीस मी कापले. पाण्यातून काढले नव्हते. आत्यानं विचारलं तेव्हा काढलेत म्हणून सांगितलं. ती त्या दिवशी केंद्रात नव्हतीच.

मॅडमनी हजेरीवही उघडली. चौदा तारीख. आत्याच्या नावापुढं फुली. त्या फुलीवर बोट ठेवलं.

"म्हणजे त्या माझ्या तोंडावर खोटं बोलल्या. सगळ्यांसमोर."

"माझ्यासाठी, मॅडम."

"तेच म्हणतेय. कापड चुकतं, त्याचं काही नाही. ते मी विसरलेसुद्धा होते. पण वर्गात उद्या कुणी जवळची मुलगी चुकली की ही बाई झाकणार. चूक कुणाची ते मला कधी कळणारच नाही. शिकवणारी अशी कशी चालेल?"

मी म्हटलं, तसं नाही. मी म्हटलं, ती म्हणते तिचीच चूक होती, हातापेक्षा शब्द मोठा धरला. माझ्या तोंडून ते काहीतरी भलतंच ऐकू आलं.

"तू मात्र आलीस. आपणहून. नोकरीची पर्वा न करता." उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अशी मुलगी मला केंद्रात हवी. तुझं कायम होण्याचं पत्र मी आजच मांडते."

मी म्हटलं, "मला नको."

"भावनेच्या भरात बोलू नकोस," म्हणाल्या, आणि समितीच्या खोलीत गेल्या.

दुपारी कळलं. आत्याचं नाव काढलं.

११ मार्च, मंगळवार

कालचं उरलेलं आज लिहिते.

मॅडमनी आत्याला बोलावून सांगितलं. नीट सांगितलं असावं, ओरडल्याचा आवाज आला नाही. आत्या बाहेर आली, मशीनवर बसली, अभ्र्यांची थप्पी पुढं ओढली. पाच वाजता मशीनवर झाकण घातलं. रस्त्यानं आम्ही बरोबर चाललो. पोस्टाशी मी म्हटलं, "आत्या, मला वाटलं खरं कळलं तर तुझा मान –"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही – अशी बघते ती कापडाकडे, डाग कुठवर गेलाय ते.

"तुला बरं वाटलं का आता?"

खरं उत्तर – हो, वाटलं होतं. सकाळी साडेनऊ ते दुपारी दोनपर्यंत. ते मी तिला सांगितलं नाही. इथं लिहिते.

१२ मार्च, बुधवार

आजही "डिग्री" म्हणाली नाही. नावानं हाक मारली. नीट, पूर्ण नावानं.

१५ मार्च, शनिवार

चष्मेवालीनं जिन्यात गाठलं. "तू तेव्हा गप्प बसलीस, ते आम्हाला कळलं. पोरीबाळी घाबरतात. मग तिनं सगळं सावरून आणलं, आणि तू बोललीस. अगं बाई, उलट करायचं होतं ना!"

कुठल्याही प्रमेयाइतकं स्पष्ट. मला का दिसलं नाही?

कारण मला खरं बोलणारी व्हायचं होतं. तिला शिक्षिका करायचं होतं हे दुसरं. पहिलं नाही, दुसरं. पानावर लिहिलं की कसं दिसतं हे!

१९ मार्च, बुधवार

भोक पडलेला तो नॅपकिन घरी सापडला. आत्यानं त्या भोकावर इतकं बारीक रफू केलंय की उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. आई त्यानं डबे पुसते.

२६ मार्च, बुधवार

मास्तरीणबाईंचा निरोप. चहा, फोटो. त्या जिना एकेक पायरी बसत उतरल्या. आत्यानं हात धरला होता. खाली पोचल्यावर आत्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "मी गेल्यावर तूच, असं धरून चालले होते गं." आत्या म्हणाली, "जपून, पुढं गटार आहे."

मॅडमनी थांबवून घेतलं मला. काय बोलल्या ते आज लिहीत नाही. विचार करून सांगते म्हटलं.

२८ मार्च, शुक्रवार

नाही म्हणायला गेले होते.

१ एप्रिल, मंगळवार

सही करून आले त्या दिवशी. पत्र माझ्या नावाचं आहे – शिवणवर्ग, शिक्षिका. समितीला पदवीधर आणि विश्वासू व्यक्ती हवी होती. मी नको म्हटलं असतं तर बाहेरची कुणी आली असती, असं स्वतःला सांगते.

आज वर्ग भरला. नऊ जणी. फळ्यावर तारीख घातली, हात पुसला, वळले. दहावी दारात उभी होती. हातात नवी वही, केस विंचरलेले.

"बाई," आत्या म्हणाली, "मी कुठं बसू?"